फ्रीस्टाइल लिब्रे: रोजा आणि शब्बाथ पाळणाऱ्यांच्या दंडावर

आधी हिशोब. मधुमेह्याच्या दंडाला चिकटून साखर मोजणारा, फोन जवळ नेऊन स्कॅन करायचा साधा लिब्रे सेन्सर 14 दिवस चालतो आणि रमजान 29 किंवा 30 दिवसांचा. म्हणजे दोन सेन्सर घेतले तरी ईदच्या तोंडावरचे एक-दोन दिवस उघडेच. एकाची किंमत पाच हजारांच्या आसपास, त्यामुळे तिसरा घ्यायला जीव होत नाही. त्यापेक्षा एक सेन्सर शाबानमध्ये, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, लावावा, म्हणजे डॉक्टरांनी बदलून दिलेले डोस आधी तपासून होतात. दुसरा पहिल्या रोजाच्या आदल्या दिवशी लावावा. पहिल्या 24 तासांतले आकडे जरा हलतात, ते असे आधीच निघून जातात. उरलेला महिना साध्या ग्लुकोमीटरवर काढता येतो.

नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर असलेल्याने हा खर्च करू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असतील, तर मात्र पैसे वसूल आहेत. बोटातून रक्त काढल्याने रोजा तुटत नाही, हे बहुतेक उलेमांना मान्य आहे. तरीही दिवसाला पाच-सहा वेळा सुई टोचून घ्यायचा कंटाळा येतोच. लिब्रे आकड्याबरोबर बाण दाखवतो, आणि खरी कामाची गोष्ट तो बाण आहे. दुपारी चारला 95 असून बाण सरळ खाली असेल, तर इफ्तारपर्यंत निभणार नाही. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली की रोजा सोडायचा, मग अजानला दहा मिनिटं का उरलेली असेनात. आजाऱ्याला सवलत कुराणातच आहे (अल-बकरा, 184).

सर्वांत जास्त फसवणूक सहरीनंतरच्या (पहाटेच्या जेवणानंतरच्या) झोपेत होते. सेन्सर लावलेल्या दंडावर कूस घेतली की तिथला रक्तपुरवठा दबतो आणि स्क्रीनवर 58 वगैरे दिसतं. उठून बसा, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, बोटातून पडताळा आणि मग ठरवा. उलटही होतं. सेन्सर रक्त मोजत नाही, त्वचेखालचा द्रव मोजतो, म्हणून साखर वेगाने उतरताना तो काही मिनिटं मागे असतो. हातपाय थरथरत असतील, घाम फुटला असेल आणि आकडा 82 म्हणत असेल, तर विश्वास थरथरीवर ठेवा. जास्त डोसाच्या व्हिटॅमिन सीच्या गोळ्याही आकडा फुगवतात.

वजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याला, अडचण नाही. हात कोपरापर्यंत धुतात आणि सेन्सर दंडाच्या मागे, वर बसतो. गुस्लचा, म्हणजे शुद्धीसाठी सर्वांगाला पाणी लावून करायच्या अंघोळीचा प्रश्न वेगळा, कारण चिकटपट्टीखालच्या कातडीला पाणी लागत नाही. मिकव्यात (शुद्धिस्नानाच्या कुंडात) बुडी घेणाऱ्या ज्यू स्त्रीसमोरही हाच पेच असतो: अंग आणि पाणी यांच्यामध्ये काही नको. दोन्हीकडच्यांनी आपापल्या धर्मगुरूंना, म्हणजे मुफ्तींना किंवा रब्बींना, आधी विचारावं. सर्वांत सोपी वाट म्हणजे सेन्सर बदलायचा दिवस त्या अंघोळीच्या किंवा बुडीच्या दिवसाशी जुळवणं.

शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनच्या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, मात्र हे यंत्र नापास. त्याची आठवण फक्त 8 तासांची आणि शब्बाथ सुमारे 25 तासांचा. मध्ये स्कॅन केलं नाही तर सुरुवातीचे 17 तास पुसले जातात, आणि स्कॅन करायचं म्हणजे बटण दाबणं आलं, जे शब्बाथला चालत नाही. जिवाला धोका असेल तेव्हा शब्बाथ बाजूला ठेवायचा, हा पिकुआख नेफेशचा नियम ठाम आहे, त्यामुळे इन्सुलिन घेणाऱ्याने तपासायचंच. पण दर आठवड्याला तीन-चार वेळा तोच पेच कशाला? शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणात ज्यांना शनवार तेली म्हटलं गेलं, त्या बेने इस्राएल ज्यूंपैकी कुणी घेणार असेल, तर आपोआप आकडा पाठवणारं मॉडेल घ्यावं आणि शुक्रवारी सूर्यास्ताआधी रिसीव्हर चार्ज करून उघड्यावर ठेवावा. त्याचे इशारे काय करायचे, ते रब्बींशी बोलून आधीच ठरवावं.

योम किप्पूरला, ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, उपास धोक्याचा असलेल्यांना रब्बी कधी मोजून प्यायला सांगतात: गालभरापेक्षा कमी, साधारण 40 मिली, दर नऊ मिनिटांनी. साखर 110 वरून हळूहळू उतरत असेल, तर ही पद्धत लिब्रेच्या बाणाशी छान जुळते. 70 च्या खाली गेल्यावर ते माप विसरायचं: तीन चमचे साखर पाण्यात, एका दमात, आणि 15 मिनिटांनी पुन्हा बोटातून तपासणी.