मैदानी कुत्र्यांचा दवाखाना : निदान उत्तम, रात्रीची सोय नाही

शिकारी आणि शर्यतीच्या जातींच्या कुत्र्यांसाठी दवाखाना निवडताना एक गोष्ट मी सर्वांत आधी पाहतो, ती म्हणजे डॉक्टर कुत्र्याला टेबलावर घेण्यापूर्वी चालताना आणि पळताना पाहतात की नाही. माझी ग्रेहाउंड आणि लॅब्रॅडोर ही दोन्ही कुत्री सध्या ज्या दवाखान्यात जातात, तेथे तपासणी अंगणातच सुरू होते. कुत्र्याला कठीण जमिनीवर सरळ चालवतात, वळवतात, दुडक्या चालीने पळवतात, आणि त्याच वेळी ते आठवड्यात किती धावते, कोणत्या जमिनीवर धावते आणि लंगडणे कामाच्या सुरुवातीला दिसते की विश्रांतीनंतर, हे विचारून घेतात. कामाची सवय असलेले कुत्रे उत्साहाच्या भरात दुखणे झाकते, म्हणून या प्रश्नांना पाय चाचपण्याइतकेच महत्त्व आहे.

लॅब्रॅडोर मागचा एक पाय किंचित उचलून चालत असे. आधीच्या दवाखान्यात वेदनाशामक गोळ्या आणि विश्रांती एवढेच सांगितले गेले होते. येथे डॉक्टरांनी मांडीचे हाड स्थिर धरून नडगीचे हाड पुढे सरकते का, हे गुडघा सरळ आणि वाकवून अशा दोन्ही स्थितींत पाहिले आणि क्रूशिएट लिगामेंट, म्हणजे गुडघ्यात ही दोन हाडे एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, अर्धवट फाटल्याची शंका व्यक्त केली. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही, परंतु सांध्यात साठलेला द्रव आणि झिजेच्या खुणा दिसतात, हेही त्यांनी फिल्मवर दाखवून सांगितले. नडगीच्या वरच्या पृष्ठभागाचा उतार बदलणारी टीपीएलओ शस्त्रक्रिया कोणत्या कुत्र्याला उपयोगी पडते आणि तिच्यानंतर कित्येक आठवडे मोकळे सोडता येत नाही, हे मालकाला आधीच स्पष्टपणे सांगणारे डॉक्टर मला क्वचितच भेटले आहेत. लॅब्रॅडोरमध्ये जोरदार धावल्यावर काही मिनिटांतच मागचे पाय लुळे पडण्याचा एक आनुवंशिक विकारही आढळतो. त्याला कारणीभूत असलेल्या डीएनएम१ जनुकाची तपासणी गालाच्या आतील नमुन्यावरून होऊ शकते, ही माहितीही त्यांनी आपण होऊन दिली.

ग्रेहाउंडच्या बाबतीत तर जातीची जाण नसलेला डॉक्टर निरोगी कुत्र्यालाही आजारी ठरवू शकतो. या जातीत तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त, तर प्लेटलेट्स आणि थायरॉइड ग्रंथीचे टी४ हे संप्रेरक कमी असणे स्वाभाविक आहे. प्रयोगशाळेच्या छापील मर्यादा सर्व जातींसाठी एकच असल्याने अहवालात ठळक अक्षरांत इशारे येतात, आणि प्लेटलेट्स कमी दिसल्या की गोचीडतापाचे औषध सुरू होते. येथील डॉक्टरांनी असा अहवाल पाहून कोणतेही औषध दिले नाही आणि जुन्या अहवालांशी तुलना केली. भूल देण्याचा प्रश्न आला तेव्हा या जातीला थायोपेंटल हे भुलीचे औषध देणार नाही, कारण त्यातून ती फार उशिरा शुद्धीवर येतात, हे त्यांनी मी विचारण्याआधीच सांगितले.

बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरलेले गवताचे कुसळ शोधण्याचा त्यांचा चिकाटीचा हातखंडाही नोंदवावा असा आहे, कारण कुसळ आतल्या आत पुढे सरकत जाते आणि जखम वरून भरलेली दिसते.

उणिवा दोन आहेत. पाण्यातील ट्रेडमिल येथे नसल्याने शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामासाठी दुसरीकडे जावे लागते, ही गैरसोय चालवून घेता येते. रात्री दवाखाना बंद असतो, ही मात्र गंभीर बाब आहे. खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून जठराला पीळ पडला तर सकाळपर्यंत थांबणे जिवावर बेतते. पोट ताठ झाले आहे आणि उलटीचे उमाळे येऊनही काही पडत नाही, अशी लक्षणे दिसताच निघावे लागते. त्यामुळे या दवाखान्यात नाव नोंदवतानाच, रात्री प्रत्यक्ष शस्त्रक्रिया करणारा सर्जन कोठे हजर असतो, याची चौकशी करून तो क्रमांक जवळ ठेवावा. येथील कर्मचारी अशा वेळी उपयोगी पडावेत म्हणून जुने अहवाल आणि एक्स-रे मालकाच्या हाती आधीच देतात.