पुरावा कायद्याचा ऑनलाइन कोर्स: कानफाट्याचं लेक्चर पैसे वसूल, बाकी ठीकठाक

जेएमएफसीची (कनिष्ठ न्यायाधीशांच्या परीक्षेची) तयारी करतेय म्हणून दिवाळीच्या ऑफरमध्ये हा कोर्स घेतला, क्लासचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रारी पण आहेत. पाचपैकी साडेतीन स्टार देतेय, आणि त्यातले दोन तरी एकट्या त्या लेक्चरचे आहेत ज्यात आरोपीचे आधीचे, म्हणजे ज्यांचा चार्ज या खटल्यात लागलेलाच नाही असे उद्योग पुराव्यात येतात का, हे शिकवलंय.

मॅडमनी सुरुवातच अशी केली की गावात एकदा कानफाट्या नाव पडलं की पुढची प्रत्येक चोरी त्याच्याच नावावर जाते, आणि कोर्टात नेमकं हेच होऊ द्यायचं नाही. साक्ष अधिनियमाचं, म्हणजे नव्या पुरावा कायद्याचं कलम 49, 1872 च्या जुन्या कायद्यात 54. माणूस वाईट आहे म्हणून हा गुन्हा त्यानेच केला असेल, हा रस्ता बंद. त्याने स्वतःच आपल्या चांगल्या वर्तनाचा पुरावा आणला तर मात्र सरकारी वकील उत्तर देऊ शकतात.

मग कलम 12 आणि 13 (जुनी 14 आणि 15), म्हणजे आरोपीचा हेतू काय होता आणि घडलं ते अपघाताने की मुद्दाम हे दाखवायला आधीच्या गोष्टी कधी चालतात, जिथे मी कॉलेजची पाच वर्षं गोंधळले होते. मॅडमनी कायद्यातलीच इलस्ट्रेशन्स, म्हणजे कलमाखाली दिलेली उदाहरणं घेतली. एका माणसाने घराचा विमा काढला, घर जळलं, पैसे मिळाले, मग दुसरं घर, परत विमा, परत आग, दर वेळी वेगळी विमा कंपनी. आता तो म्हणतो चुकून आग लागली हो. इथे आधीच्या आगी पुराव्यात येतात, कारण प्रश्न त्याच्या चारित्र्याचा नाहीये, अपघात की मुद्दाम हा आहे. आणि दुसरं तर मला आता झोपेत पण सांगता येईल: अ वर ब ला गोळी घालून मारल्याचा खटला आहे, तर त्याने आधी ब वरच गोळी झाडली होती हे चालतं, पण त्याला लोकांवर गोळ्या झाडायची सवयच आहे हे चालत नाही. दोन वाक्यांत सगळा विषय संपतो, 1872 सालच्या ड्राफ्टिंगला हात जोडले.

केसेस पण मस्त सांगितल्या. सिडनीचं मेकिन जोडपं पैसे घेऊन दुसऱ्यांची तान्ही बाळं सांभाळायचं, खटला एका बाळाच्या खुनाचा, पण ते राहिलेल्या वेगवेगळ्या घरांच्या परसात बाकीच्या बाळांचे सांगाडे सापडले, आणि प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाचं ब्रिटिश वसाहतींचं सगळ्यात वरचं अपील कोर्ट) तो पुरावा चालवून घेतला. मग 1915 चा लंडनचा जॉर्ज जोसेफ स्मिथ, तीन बायका, तिघी बाथटबमध्ये बुडून मेल्या, खटला चालला फक्त बेसी मंडीच्या खुनाचा. एक बाई टबात गेली तर दुर्दैव म्हणाल, तिसरीच्या वेळी काय म्हणाल? (हे ऐकताना मी पोहे खात होते, घास तसाच राहिला.) आणि उलटं उदाहरण म्हणून हॉलिवूडचा निर्माता हार्वे वाइनस्टीन, ज्याची न्यूयॉर्कमधली लैंगिक अत्याचाराची शिक्षा एप्रिल 2024 मध्ये तिथल्या अपील कोर्टाने 4 विरुद्ध 3 ने रद्द केली, कारण ज्यांच्याबद्दल चार्जच नव्हता अशा बायकांच्या साक्षी घेतल्या होत्या. ते मला अजून पूर्ण पचलेलं नाही, पण तीन न्यायाधीशांनाही पटलं नव्हतं म्हटल्यावर मी एकटी नाही.

एक गोष्ट अजून ताणायला हवी होती. तिकडे ज्युरीचं, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांचं मन कलुषित होईल ही भीती असते, आपल्याकडे ज्युरी नाही, आणि जामिनाच्या वेळी तर आधीचे गुन्हे सर्रास वाचून दाखवतात. मी डाउट टाकला, चार दिवसांनी टेलिग्रामवर उत्तर आलं की जामीन वेगळा, दोष सिद्ध करणं वेगळं. बरोबर आहे, पण एवढ्यावर भागत नाही ना मॅडम.

आता रडगाणं. टेस्ट सिरीजमध्ये अजून जुनेच नंबर, 14, 15, 54. नवा कायदा 1 जुलै 2024 ला लागू झालाय, आधीपासून चालू असलेल्या खटल्यांना जुना लागतो हे मान्य, पण मग प्रश्नात तसं लिहा तरी. पीडीएफ नोट्स म्हणजे बेअर अ‍ॅक्टचं (कायद्याच्या नुसत्या मूळ मजकुराचं) कॉपी पेस्ट. कबुलीजबाबाच्या लेक्चरला आवाज असा की हेडफोन लावून पण अर्धं कळेना, आणि व्हिडिओ सहा महिन्यांनी बंद.

फुल प्राइसला घेऊ नका. डेमोमध्ये हे लेक्चर फुकट दिसलं तर आधी तेवढं बघून घ्या.