मूळगाठींच्या तयार स्लाइड: एका छेदासाठी घेण्यासारखा संच

वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांसाठी हा संच मागवला. त्यातली वाटाण्याच्या मुळावरच्या गाठीच्या उभ्या छेदाची स्लाइड झकास आहे. ही गाठ टोकाकडून वाढत राहते, म्हणून एकाच छेदात सगळ्या अवस्था ओळीने सापडतात. टोकाला भराभर विभागणाऱ्या बारीक पेशी, त्यामागे रायझोबियम (गाठीत राहणारे जिवाणू) नुकतेच शिरलेल्या, मग हवेतला नायट्रोजन स्थिर करणाऱ्या, म्हणजे वनस्पतीला वापरता येईल अशा रूपात आणणाऱ्या, आणि मुळालगत थकलेल्या.

चाळीसच्या लेन्सखाली जिवाणूंनी भरलेली पेशी आणि तिला खेटून असलेली कोरी पेशी एकदम नजरेत घ्या. भरलेली कितीतरी मोठी दिसते. तिने विभागणं सोडलेलं असतं, पण डीएनएच्या प्रती काढणं चालूच ठेवलेलं असतं. केंद्रक फुगतं ते त्यामुळेच. जिवाणूही आत मोकळे नसतात, वनस्पतीच्याच पटलात एकेक गुंडाळलेला असतो. हे पटल ‘स्पष्ट दिसेल’ असं माहितीपत्रक म्हणतं, ती निव्वळ थाप. त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा. याच पत्रकात डच शास्त्रज्ञ बायरिंकने १८८८ साली हे जिवाणू वेगळे केले त्यावर अर्धं पान आहे आणि पेशींवर जेमतेम दोन ओळी!

सोयाबीनचा छेद बरा आहे. गाठ गोल, पेशी साधारण एकाच वयाच्या, त्यामुळे तुलनेपुरता उपयोगी.

मूळरोमाच्या (मुळावरच्या बारीक केसाच्या) स्लाइडने मात्र निराशा केली. खरी गंमत तिथेच सुरू होते: जिवाणूंच्या नॉड घटकाची (त्यांनी सोडलेल्या संकेत-रेणूची) चाहूल लागली की रोमाचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वळतं, जिवाणू त्या वळणात कोंडले जातात, आणि रोमाच्या आत एक नळी तयार होत जाते, तिच्यातून ते खालच्या पेशींपर्यंत पोचतात. स्लाइडवर सगळे रोम सरळसोट. वळलेला एक नाही, नळी तर नाहीच. लेबलवर मात्र ‘संसर्ग अवस्था’.

रंगवलेल्या छेदात लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या प्रथिनाचा गुलाबी रंग दिसणार नाही, हा दोष कंपनीचा नव्हे. नायट्रोजन स्थिर करणारं विकर नायट्रोजिनेज ऑक्सिजनने निकामी होतं, म्हणून लेगहिमोग्लोबिन मोकळा ऑक्सिजन अगदी कमी ठेवतं. विद्यार्थ्यांना तो रंग दाखवायचा असेल तर ताजी गाठ ब्लेडने कापून शेजारी ठेवा. कापल्यावर लगेच दाखवा, थोड्या वेळाने ती तपकिरी पडते.

स्लाइड सुट्या मिळत असतील तर वाटाण्याची तेवढी घ्या.