मिसळ ‘घाण’ नव्हती, मामा

हा माझा दुसरा अभिप्राय. पहिलाही माझ्याच नावावर दिसेल, पण तो माझा नव्हे. नातू पुण्याला इंजिनिअरिंगला, वय १९. सुट्टीला कोल्हापुरात आला तेव्हा त्याला मंगळवार पेठेत मामांच्या मिसळीला नेलं. त्याच्या फोनची बॅटरी संपलेली, म्हणून पठ्ठ्यानं माझ्या फोनवरून लिहून टाकलं: “बेक्कार मिसळ. घाण खाल्ली. कट वाढीव. मेलो.” आणि पुढं तीन कवट्या.

तारे पाचच्या पाच दिले होते. पण मामांपर्यंत तारे पोचलेच नाहीत. गल्ल्यावरच्या पोरानं नुसता मजकूर वाचून दाखवला. तोही सकाळी साडेआठला, भरल्या दुकानात, खड्या आवाजात.

मी वीज मंडळात ३१ वर्षं बिलिंगला काढली. ‘वाढीव’ म्हटलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो, कारण तो शब्द खिडकीतून आत यायचा तो ‘बिल’ बरोबर घेऊन आणि भांडायलाच. कवटी म्हणजे विजेच्या डीपीच्या पेटीवरची, खाली दोन हाडं, हात लावू नये. मामा माझ्याच वयाचे, त्यांनीही तसंच वाचलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर ‘या’ नाही, ‘बसा’ नाही. ताटली आदळून म्हणाले, “बावीस वर्षं खाऊन आता घाण म्हणालासा? आणि कटाचं जादा पैसं कवा घेतलं वो आम्ही?”

बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं मिसळीच्या लाल तर्रीदार रश्शाला कट म्हणतात. मामा तो मागाल तितका फुकट वाढतात. त्यामुळं ‘कट वाढीव’ हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं होतं.

तिथंच नातवाला फोन लावला, स्पीकर मोठा केला. “आबा, अहो ‘घाण’ म्हणजे खूप! घाण पाऊस, घाण हसलो, तसं. ‘बेक्कार’ म्हणजे त्याच्याही वर. ‘वाढीव’ म्हणजे विषयच नाही. आणि कवटी म्हणजे मेलो, पण मजेत.” मामा झारा हातात धरून ऐकत होते. गंमत बघा, ह्याच मामांच्या फळ्यावर ‘जाळ मिसळ’ असं खडूनं लिहिलंय. जाळ ही काय खायची वस्तू आहे? पण तो शब्द त्यांच्या जिभेवरचा, म्हणून चालतो.

मीही काही शहाणा नव्हतो म्हणा. कॉलेजात असताना मुंबईच्या मावसभावाकडून ‘जाम’ शब्द उचलला होता. घरी येऊन सांगितलं, सिनेमा जाम आवडला. वडील सायकल पुसत होते. मान वर न करता म्हणाले, “जाम झालाय तर रॉकेल घाल.”

असो. आता मिसळीचं, माझ्या भाषेत. मोड आलेली मटकी शिजलेली असते पण दाणा मोडत नाही. वर फरसाण, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. कटात कांदा-लसूण चटणीचा वास आधी येतो आणि तिखट मागाहून, तिसऱ्या घासाला, कानामागं. सोबत पाव नाही, स्लाइस ब्रेड. पुण्याच्या पाहुण्यांनी इथं पाव मागू नये, मिळणार नाही आणि वर ऐकून घ्यावं लागेल. कटवडाही आहे, पण वडा कटात फार वेळ भिजत ठेवतात, माझ्या मते चुकतं. साडेदहानंतर ब्रेडच्या कडा वाळलेल्या असतात. हात धुवायला जागा म्हणजे मागच्या बोळातलं एक पिंप. ८० रुपयांत पोट भरतं. बारानंतर जाऊ नका, पातेलं पालथं घातलेलं असतं.

माझे साडेचार तारे. अर्धा तारा देता येत नाही म्हणून पाच.

जुना अभिप्राय पुसायला निघालो होतो, मामांनीच अडवलं. त्या तीन कवट्या बघून कॉलेजची पोरं यायला लागलीत, रविवारी बाकडं पुरत नाही. फोन ठेवायच्या आधी त्यांनी नातवाला एवढंच विचारलं होतं, “मग बाळ, खरंच वाईट झाली तर तुम्ही काय म्हणतासा?”

“काही नाही मामा. ‘ठीक होती’ म्हणतो.”

परवा बुधवारी खाऊन उठलो, पैसे दिले आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं म्हणून गेलो, “ठीक होती हं आज.”

मामांनी झारा खाली ठेवला.