चकाकत्या भुंगेऱ्यांसाठी वक्र डिफ्यूजर: काही महिने वापरल्यावर

मॅक्रोचा, म्हणजे बारीक गोष्टींचे मोठे फोटो काढण्याचा, विषय निघाला की पहिला प्रश्न लेन्सचाच येतो. चकाकणाऱ्या किड्यांपुरतं माझं मत आता पक्कं झालंय: आधी डिफ्यूजर (फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारा पडदा) बघा, लेन्स नंतर. माझ्याकडे २:१ पर्यंत (म्हणजे सेन्सरवर किडा प्रत्यक्षाच्या दुप्पट) जाणारी १०० मिमीची मॅक्रो लेन्स, एक साधा स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा सुटा फ्लॅश) आणि लेन्सच्या तोंडावर कमानीसारखा वाकवून बसवायचा पातळ प्लास्टिकचा डिफ्यूजर आहे. पहिल्या दोन गोष्टी जुन्याच. फोटो बदलले ते तिसरीमुळे.

सोनपाखराची पाठ बहिर्वक्र आरसा असते. पळीच्या पाठीत अख्खी खोली बारीक होऊन दिसावी, तसं त्या पाठीवर समोरचं सगळं उमटतं. उघडा फ्लॅश मारला की एक जळका पांढरा ठिपका येतो आणि बाकी पाठ काळी पडते. तो हिरवा-तांबूस रंग मुळात रंगद्रव्याचा नसतोच. पंखांच्या कठीण कवचात अतिशय पातळ थर असतात, त्यांच्यावरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळतात आणि त्यातून तो तयार होतो. त्यामुळे ज्या दिशेला परतवायला उजेडच नाही, तिथे रंगही नाही. रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली फाइल) कितीही ताणली तरी तो येत नाही.

कमानीचा खरा उपयोग इथे होतो. २:१ ला किडा लेन्सपासून पंजाभर अंतरावरसुद्धा नसतो, त्यामुळे डिफ्यूजरची कड जवळजवळ त्याच्या डोक्यावर येते आणि दोन्ही बाजूंनी खाली उतरते. पाठीचा बराचसा भाग त्या पांढऱ्या पडद्याला परतवतो. रंग भरून येतो, कवचावरचे टोचल्यासारखे बारीक खड्डे एकेक मोजता येतील इतके सुटे दिसतात. पाहण्याचा कोन तिरका होत गेला की रंग निळ्याकडे सरकतो, तो बदलही पाठीच्या कडेला सलग दिसायला लागतो. पहिल्यांदा स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून पाहिलं, तेव्हा मी बराच वेळ जागचा हललो नव्हतो.

उणीव आहे, आणि ती महत्त्वाची आहे. एकाच थराच्या डिफ्यूजरमध्ये फ्लॅशच्या डोक्यासमोरचा मधला भाग जास्त उजळतो. साध्या मॅट किड्यावर हे कळत नाही. चकाकत्या पाठीवर मात्र पांढऱ्या पट्ट्यात आणखी एक पांढरा डाग दिसतो. उपाय म्हणजे फ्लॅशच्या तोंडाशी दुसरा छोटा थर लावायचा आणि दोन थरांमध्ये जमेल तितकं अंतर ठेवायचं. उजेड आधी पसरतो, मग बाहेरच्या पडद्यावर सारखा पडतो. यात साधारण एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड) जातो. तो द्यावाच.

सेटिंगवर फार वेळ घालवत नाही. आयएसओ २००, शटर १/१६०, फ्लॅश मॅन्युअलवर १/१६ च्या आसपास. इतक्या कमी ताकदीवर फ्लॅशची चमक अतिशय थोडा वेळ टिकते, हाताची आणि पानाची हालचाल त्यातच गोठते. ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ पेक्षा बारीक करत नाही, कारण २:१ ला त्याचा परिणाम साधारण एफ/२४ सारखा होतो आणि त्यापुढे विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्यामुळे) सगळंच मऊ पडतं. फुल फ्रेम सेन्सरवर फोकसमध्ये राहतो तो थर मिलिमीटरचा जेमतेम एक तृतीयांश. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) मात्र लाल, हिरवा, निळा असा तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. हिरव्या भुंगेऱ्यावर एकूण आलेख निर्धास्त दिसतो आणि हिरवा चॅनल गुपचूप कापला गेलेला, म्हणजे अति उजेडानं तपशील हरवलेला, असतो.

पोलरायझरबद्दल (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या फिल्टरबद्दल) बरेच जण विचारतात. फ्लॅशवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर तिच्याशी काटकोनात फिरवलेला फिल्टर लावला की चमक मरते, हे खरं. पण सोनपाखराचा रंग त्या चमकेतच असतो, त्यामुळे तोही जातो आणि हाती तपकिरी-काळा किडा उरतो. काळ्या गुळगुळीत मुंग्यांसाठी ही युक्ती छान आहे, धातूसारख्या रंगांसाठी नाही. अपवाद काही स्कॅरब भुंगेऱ्यांचा. त्यांपैकी सोनेरी-हिरवा सेटोनिया ऑराटा डावा वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश (ज्याची कंपनाची दिशा गोल फिरत जाते असा) परतवतो. भौतिकशास्त्रज्ञ अल्बर्ट मायकेलसननं भुंगेऱ्याच्या कवचाचा हा गुण १९११ साली नोंदवला. वर्तुळाकार प्रकाशाचा निम्मा भाग लेन्सवरच्या फिल्टरमधून निघून येतो, म्हणून हा भुंगेरा काळवंडत नाही. त्याच्या शेजारी सोनपाखरू ठेवून अशी जोडी टिपता आली, तर दोघांच्या कवचातला फरक एका फोटोत दिसेल. माझ्या यादीत हे वर आहे.

फोकस स्टॅकिंगमध्ये (वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेल्या फ्रेम जोडून एक फोटो करण्यात) एक अडचण आहे, तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. डिफ्यूजर कॅमेऱ्याला बांधलेला असेल, तर रेलवर (कॅमेरा थोडाथोडा सरकवायच्या पट्टीवर) कॅमेरा पुढे सरकताना तोही सरकतो आणि पाठीवरचं त्याचं प्रतिबिंबही जागा बदलतं. सॉफ्टवेअर मग चमकेच्या कडेला दुहेरी रेघा काढतं. टेबलवरच्या नमुन्यासाठी मी पडदा आणि फ्लॅश किड्यापाशी स्थिर ठेवतो, फक्त कॅमेरा हलवतो. बाहेर, हातात कॅमेरा असताना तीन-चार फ्रेमवर थांबणं बरं.

जिवंत किड्याला फ्रीजमध्ये गार करून स्थिर करण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो मला अजिबात पटत नाही. त्यात फोटोचंही नुकसानच आहे. काही कासव-भुंगेऱ्यांचं सोनं कवचातल्या ओलाव्यावर अवलंबून असतं: डिवचलं की ते फिकं पडतं, मेल्यावर तर उरतच नाही. पहाटे किडे आपोआप मंद असतात, तेव्हा जा. डिफ्यूजर वरून झपकन आणू नका, खालून हळूहळू वर घ्या. मिशा आक्रसल्या की थांबायचं, पुन्हा ताठ झाल्या की पुढे सरकायचं.

टिकाऊपणाचं म्हणाल तर वेल्क्रो ढिला झालाय, तो बदलता येतो. घडीचा प्रश्न मात्र गंभीर आहे. सोबत आलेल्या पिशवीत डिफ्यूजर दुमडूनच मावतो, आणि प्लास्टिकवर एकदा घडी पडली की तिची काळपट रेघ प्रत्येक भुंगेऱ्याच्या पाठीवर दिसते. ती फोटोतून पुसायला गेलं तर खालचे खड्डेही पुसले जातात. पिशवी बाजूला ठेवा आणि डिफ्यूजर सुरळी करून लेन्सहूडमध्ये उभा घाला.