थीसिसच्या टेबलात काय द्यायचं : पी व्हॅल्यू की कॉन्फिडन्स इंटरव्हल?

म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाकडे थीसिस पाठवायची वेळ आली की नाशिकच्या पीजी मंडळींत (एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरांत) एकच चौकशी सुरू होते : ‘सिग्निफिकंट आलं का?’ म्हणजे पी ०.०५ च्या खाली गेली का. ही रेघ संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ मध्ये सोयीची म्हणून सुचवली होती. आज तिच्यावर निकाल लागतात.

पी एवढंच सांगते : दोन औषधांत मुळात फरकच नाही असं धरलं, तर हाती आलाय एवढा किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसायची शक्यता किती. ‘पी ०.०३, म्हणजे औषध लागू पडायची शक्यता ९७ टक्के’ हे साफ चूक. कॉन्फिडन्स इंटरव्हल मात्र खरा फरक कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती असू शकतो, ते दोन आकड्यांत, थेट रुग्णाच्या मापात (बीपी असेल तर मिमीमध्ये) सांगतो.

समजा, बीपीच्या दोन गोळ्या, प्रत्येक गटात ४० रुग्ण. फरक ६ मिमी, इंटरव्हल उणे १ ते १३, पी ०.०९. गाईड म्हणणार, ‘फरक नाही.’ पण १३ मिमीचा फायदाही शक्य आहे. रुग्ण कमी पडले, इतकंच. आता गटात ४००० रुग्ण घ्या. फरक १ मिमी, इंटरव्हल ०.३ ते १.७, पी ०.००४. पी झकास, पण एवढ्याशा फरकासाठी कोण गोळी बदलणार?

निवड करायचीच तर मी इंटरव्हल घेईन आणि पी शेजारी ठेवीन. वेगळी मेहनत नाही. एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन गटांच्या सरासरीची तुलना करणाऱ्या टी-टेस्टच्या टेबलात अगदी उजवीकडे ‘लोअर’ आणि ‘अप्पर’ असे दोन रकाने असतात, तीच इंटरव्हलची दोन टोकं. मुलं ‘सिग’ (म्हणजे पी) उचलतात आणि तेच सोडून देतात. तीन-चार गटांच्या सरासरींची एकदम तुलना करणारी अनोव्हा असेल, तर पहिल्या फटक्यात पीच हाती येते, तिथे ती द्यावी.

एक दुखणं मात्र इंटरव्हलनेही बरं होत नाही : रुग्णांचे छोटे-छोटे गट पाडत बसायचं, म्हणजे कुठेतरी योगायोगानेच फरक दिसतो. १९८८ च्या आयसिस-२ चाचणीत हार्ट अटॅकच्या १७ हजारांवर रुग्णांत ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांमुळे होणारे मृत्यू ११.८ वरून ९.४ टक्क्यांवर आणले. संशोधकांनी मुद्दाम जन्मराशीनुसार गट पाडून दाखवले, तर मिथुन आणि तूळवाल्यांना ॲस्पिरिन किंचित बाधल्यासारखी दिसली! म्हणून कोणत्या तुलना करायच्या, ते सिनॉप्सिसमध्येच (अभ्यास सुरू करण्याआधीच्या आराखड्यात) लिहून टाका.