अख्खा भोपळा घ्यावा की फाक?

भाजीवाल्या मावशी लाल भोपळ्याची पाव किलोची फाक कापून देतात, आणि शेजारीच तीन किलोचा अख्खा भोपळा असतो. दोन-तीन माणसांच्या घरात काय न्यावं?

भाजी एकदाच करायची असेल तर फाकच घ्या. फक्त कडा बुळबुळीत नाहीत ना, ते बघा. घरी आल्याबरोबर बिया आणि मधली जाळी काढा, कारण सडायला सुरुवात तिथूनच होते. न धुतलेली फाक डब्यात, फ्रिजमध्ये चार दिवस छान राहते.

अख्ख्या भोपळ्याचं सगळं बळ सालीत आणि देठात. नख रुतणार नाही अशी साल, शाबूत देठ, कुठे मऊ डाग नाही, असं फळ कोरड्या, हवेशीर सावलीत दोन महिने सहज टिकतं. खाली गोणपाट घाला. फ्रिजमध्ये मात्र अख्खं फळ नको, फार थंडी त्याला सोसत नाही. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात देठापाशी बुरशी धरते, तेव्हा मी महिन्यापलीकडे भरवसा ठेवत नाही.

कापल्यावर आधी कच्चा तुकडा चाखा. कडू लागला तर अख्खा भोपळा टाकून द्या. शिजवून तो कडूपणा जात नाही आणि पोट बिघडतं.

मग उरलेल्याचं काय? कच्च्या फोडी फ्रीझरमध्ये टाकणं सोपं, पण बर्फ झाला की गराच्या पेशी फाटतात आणि फोडी पाणी सोडतात. सांबारात त्या चालतील. मेथीदाण्याच्या फोडणीच्या भाजीत त्यांचा लगदा होतो, आणि विदर्भातल्या बाकर भाजीसाठी तर ताजाच भोपळा हवा.

म्हणून मी उरलेला भोपळा वाफवते. सालासकट मोठे तुकडे कुकरच्या भांड्यात, आत पाणी न घालता, दोन शिट्ट्या. गार झाल्यावर चमच्याने गर खरवडून तासभर चाळणीत निथळत ठेवते आणि वाटी-वाटीच्या मापाने पिशव्यांत चपटा भरते. फ्रीझरमध्ये तो तीन महिने उत्तम राहतो. भरीत आणि रायतं तर त्याचं होतंच, पण घारगे फार सुरेख होतात. निथळायचा कंटाळा मात्र करू नका. गुळालाही पाणी सुटतं, मग पीठ वाढवावं लागतं, आणि तोंडात भोपळ्याऐवजी कणीकच येते.